लॅपटॉपवर वाजवताना आवाज मागे पडतो: विंडोजमधली लेटन्सी कमी कशी करायची, आणि ती परत का येते

मिडी की-बोर्डची (स्वतः आवाज न काढता कोणती पट्टी दाबली एवढंच लॅपटॉपला कळवणाऱ्या की-बोर्डची) पट्टी दाबली आणि सूर मागाहून आला, की हात आपोआप सावरून घ्यायला बघतो. मात्रेच्या किंचित आधी पट्टी दाबायची सवय लागते. मग खऱ्या पियानोवर बसलं की तोच हात घाईत वाजवतो. त्यामुळे 'चालतंय तेवढं' म्हणून लेटन्सीकडे, म्हणजे या उशिराकडे, काणाडोळा करण्यात अर्थ नाही. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: एकदा सगळं नीट लावलं, महिनाभर सुरळीत चाललं, आणि एके दिवशी काहीही न बदलता तेच दुखणं परत. (काही बदललं नाही असं आपल्याला वाटतं. विंडोजनं परस्पर काहीतरी बदललेलं असतं.)

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ ला लागू आहे. मेनूंची नावं थोडीफार इकडची तिकडे असतील.

उशीर वेगळा, तडतड वेगळी

'आवाज उशिरा येतो' आणि 'आवाज तडतडतो' या तक्रारी एका दमात सांगितल्या जातात, पण त्या एकमेकींच्या उलट बाजूला आहेत. साउंड कार्ड सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मापं) एकेक करून पुढे पाठवत नाही. ठरलेली संख्या जमली की मगच तो गठ्ठा संगीताच्या प्रोग्रॅमकडे जातो, प्रवासी भरल्याशिवाय न सुटणाऱ्या गाडीसारखा. त्या गठ्ठ्याचं माप म्हणजे बफर. ४८,००० हर्ट्‌झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) २५६ चा बफर भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. गिटार किंवा माइकचा आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये येत असेल तर आत येताना एक बफर आणि बाहेर पडताना एक, म्हणजे आकडा दुप्पट. शिवाय कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबी ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम) आपापले काही मिलिसेकंद घेतातच.

किती उशीर चालेल? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला जेमतेम ३४ सेंटिमीटर. अ‍ॅम्प साडेतीन मीटरवर ठेवून वाजवणारा गिटारवादक स्वतःला १० मिलिसेकंद उशिरानंच ऐकत असतो आणि त्याची काही तक्रार नसते. पण १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. एका मात्रेत चार स्वर वाजवायचे तर दोन स्वरांत १२५ चं अंतर. तिथे ३० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा झाला. माझ्या मते आत-बाहेरची पूर्ण फेरी धरून १० मिलिसेकंदांच्या आत आलात तर थांबा. पाचवरून तीनवर आणण्यासाठी रात्र जागवण्यापेक्षा तो वेळ वाजवण्यात घालवलेला बरा.

बफर लहान केला की उशीर घटतो, पण प्रत्येक गठ्ठा वेळेत तयार करून द्यायला प्रोसेसरला कमी अवधी मिळतो. एखादा गठ्ठा हुकला की तेवढी जागा रिकामी जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. म्हणून बफर वाढवला की तडतड जाते पण उशीर येतो, आणि कमी केला की उशीर जातो पण तडतड येते. बहुतेक जण याच दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत राहतात. लहान बफरवर गठ्ठा हुकतो कशामुळे, हे शोधलं नाही तर हे हेलपाटे संपत नाहीत.

लॅपटॉपमधून नेमका कोणाचा आवाज जातोय?

तुम्ही साधं, न जोडलेलं वाद्य वाजवताय आणि लॅपटॉप फक्त साथीचा ट्रॅक किंवा मेट्रोनोम ऐकवतोय, तर लेटन्सीचा तुमच्याशी संबंधच नाही. ट्रॅक २० मिलिसेकंद उशिरा सुरू झाला तरी तो स्वतःशी लयीतच असतो आणि तुम्ही त्याच्याबरोबर वाजवता. बफर १०२४ वर ठेवा आणि विसरून जा.

गाणाऱ्यांचं थोडं वेगळं. स्वतःचा आवाज हाडांमधून तत्क्षणी कानात पोचतो आणि तोच थोड्या उशिरानं हेडफोनमधून येतो. दोन्ही मिसळून पोकळ, नळीतून बोलल्यासारखा आवाज होतो, आणि हा त्रास अगदी कमी लेटन्सीलाही जाणवतो. इथे विंडोजशी झगडत बसू नका. ऑडिओ इंटरफेसवर (माइक किंवा गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या बाहेरच्या डब्यावर) बहुधा 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा 'इनपुट' आणि 'प्लेबॅक' यांच्यात फिरणारी खुंटी असते. ती वापरली की माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत न येता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला मिळतो. मग प्रोग्रॅममधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच परत ऐकवणं) मात्र बंद करायचं, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

मिडी की-बोर्डवाल्यांना फक्त बाहेर पडतानाचा बफर भोवतो, कारण आत ऑडिओ जातच नाही. त्यामुळे २५६ वरही बोटांना चांगलं वाटतं. पूर्ण फेरी सोसावी लागते ती लॅपटॉपमधला अ‍ॅम्प सिम्युलेटर (गिटारच्या अ‍ॅम्पची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या गिटारवाल्यांना, आणि खालची मेहनत मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आणि हो, ब्लूटूथ हेडफोन लावले असतील तर आधी काढा. त्यांच्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि ते सेटिंग बदलून सहसा फारसे कमी होत नाहीत. एचडीएमआयनं जोडलेल्या टीव्हीचे स्पीकरही सरावाला नकोत. वायरचे हेडफोन लावा.

अंदाज नको, मोजा

प्रोग्रॅममध्ये दिसणारा लेटन्सीचा आकडा ड्रायव्हरनं सांगितलेला असतो, आणि ड्रायव्हर प्रत्येक वेळी खरं सांगतोच असं नाही. खरा आकडा काढायचा तर इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच इंटरफेसच्या इनपुटमध्ये लावा. हेडफोन कानावरून काढा, रेकॉर्ड करायच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरून शिट्टी वाजेल. एका ट्रॅकवर क्लिक ठेवून तो वाजवा आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. मग एवढं झूम करा की दोन्ही क्लिकची पहिली उसळी एकाखाली एक दिसेल. मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. समजा ६१२ सॅम्पल आले आणि रेट ४८,००० आहे, तर ६१२ भागिले ४८, म्हणजे १२.७५ मिलिसेकंद.

यात एक मेख आहे. रेकॉर्ड झालेला भाग प्रोग्रॅम स्वतःच मागे सरकवून ठेवतो, म्हणून अंतर जवळजवळ शून्य दिसतं आणि वाटतं की वा, लेटन्सीच नाही. रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथे ड्रायव्हरनं कळवलेली लेटन्सी वापरण्याची खूण आहे. मोजताना ती काढा, मोजून झालं की परत लावा.

इंटरफेस नसेल तर मिडी की-बोर्डसाठी फोन पुरतो. फोनचं रेकॉर्डर चालू करून की-बोर्डजवळ ठेवा, लॅपटॉपचे स्पीकर चालू ठेवा, आणि पट्टी जोरात ठोका. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की आधी प्लास्टिकचा 'टक' दिसतो आणि मग सुराची सुरुवात. सुरासाठी एकदम उठणारा आवाज निवडा. हळू फुलणारे स्ट्रिंग्ज घेतले तर सुरुवात सापडणार नाही. दोन-तीन मिलिसेकंदांची चूक राहील, पण ४० चे १२ झाले का हे नक्की कळेल. आलेला आकडा कुठेतरी लिहून ठेवा, दुखणं परतलं की तुलनेला लागतो.

ड्रायव्हर

विंडोजमध्ये आवाज बाहेर काढायचे रस्ते बरेच आहेत आणि प्रोग्रॅमच्या यादीत ते सगळे शेजारी शेजारी दिसतात. एमएमई आणि डायरेक्टसाउंड जुने आणि संथ, सरावाला बाद. वासापी व्हिस्टापासून आलं. त्याच्या 'शेअर्ड' प्रकारात ब्राउझर, सूचनांचे टणत्कार आणि तुमची गिटार हे सगळं विंडोजच्या मिक्सरमधून जातं आणि तो मिक्सर सहसा १० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं चालतो. 'एक्सक्लुझिव्ह' प्रकारात तो मधला टप्पा जातो, पण तेवढा वेळ बाकी प्रोग्रॅम मुके होतात.

एएसआयओ हा स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये आणलेला रस्ता विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट उपकरणाशी बोलतो. इंटरफेस असेल तर त्याच्या उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, बाकी काही शोधू नका. इथे अनेक जण फसतात, कारण विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ २.० चा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे. इंटरफेस लावला की आवाज लगेच येतो, आणि आवाज आला म्हणजे ड्रायव्हर झाला असं वाटतं. प्रोग्रॅमच्या यादीत एएसआयओखाली इंटरफेसचं नाव दिसत नसेल, तर तो झालेला नाही.

इंटरफेस नसेल तर एएसआयओ फॉर ऑल किंवा फ्लेक्सएएसआयओ. हे खरे एएसआयओ ड्रायव्हर नव्हेत, विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहेत. तरी लॅपटॉपच्या चिपमधून बरंच काढून घेतात. एएसआयओ फॉर ऑल लावताना ब्राउझर पूर्ण बंद ठेवा. उपकरण दुसऱ्यानं धरलेलं असलं की त्याच्या पॅनेलमध्ये लाल खूण येते आणि काहीच वाजत नाही. आणखी एक: यूएसबी माइक आणि लॅपटॉपचं हेडफोन जॅक एकत्र जोडून वापरू नका. दोन्हींची घड्याळं वेगळी. थोड्या वेळानं ती एकमेकांपासून सरकतात आणि ठरावीक अंतरानं क्लिक येत राहते, जी बफर कितीही वाढवला तरी जात नाही. माइकवर हेडफोनचं छिद्र असेल तर तेच वापरा.

सॅम्पल रेट सगळीकडे एकच हवा. विंडोज आणि आर दाबून mmsys.cpl टाइप केलं की आवाजाची जुनी खिडकी उघडते. तिथे प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्ही उपकरणांच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये प्रोग्रॅममधलाच रेट ठेवा, आणि 'एन्हान्समेंट्स' व 'स्पेशियल साउंड' बंद करा. आवाज भरदार करण्याच्या नावाखाली हे प्रकार मध्ये स्वतःची प्रक्रिया घुसवतात.

लहान बफरवर तडतड: दोषी कोण?

प्रोसेसरचा मीटर २० टक्क्यांवर आहे, तरी आवाज तडतडतो. लॅपटॉपवर हे नेहमीचं आहे आणि याचं कारण वेग कमी पडणं हे नसतं. विंडोजमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी अशा प्रत्येक घटकाचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवू शकतो. या कामांना डीपीसी म्हणतात आणि त्यांचा नंबर तुमच्या संगीताच्या प्रोग्रॅमच्या आधी लागतो. एखाद्या ड्रायव्हरनं दोन मिलिसेकंद प्रोसेसर धरून ठेवला तर वेब पाहताना ते कळणारही नाही. पण ६४ च्या बफरला तुमच्याकडे एकूण १.३३ मिलिसेकंदच असतात.

हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचं साधन आहे. लॅपटॉप रोज जसा वापरता तसाच ठेवून ते चालू करा आणि किमान दहा मिनिटं चालू द्या. पहिल्या पानावर हिरवं किंवा लाल वाक्य येतं, पण त्यावरून फार काही कळत नाही. 'ड्रायव्हर्स' हे पान उघडा आणि सर्वाधिक वेळ घेणारा वर येईल अशी क्रमवारी लावा. एखाद्याचा आकडा १ मिलिसेकंदाच्या पुढे जात असेल तर संशयित सापडला. 'हार्ड पेजफॉल्ट'चे (मेमरीत नसलेला डेटा डिस्कवरून आणावा लागण्याचे) मोठे आकडे पाहून घाबरू नका. ते तुमच्याच संगीताच्या प्रोग्रॅमच्या नावापुढे असतील तरच लक्ष द्या.

नावं वाचताना एक ध्यानात ठेवायचं: वर दिसतो तो बऱ्याचदा निरोप्या असतो. एनडीआयएस.सिस दिसलं तर खरा गुन्हेगार नेटवर्कचा ड्रायव्हर, बहुधा वाय-फाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) वाय-फाय अडॅप्टर 'डिसेबल' करून लेटन्सीमॉन परत चालवा. आकडा कोसळला तर उत्तर मिळालं. मग लॅपटॉपच्या उत्पादकाच्या साइटवरून नवा वाय-फाय ड्रायव्हर टाकून बघा. तरी जमलं नाही तर सरावापुरतं वाय-फाय बंद ठेवायचं. नुसतं नेटवर्कपासून तोडणं वेगळं आणि अडॅप्टर बंद करणं वेगळं. तोडलेलं अडॅप्टर आजूबाजूला नेटवर्क शोधतच राहतं.

डब्ल्यूडीएफ०१०००.सिस म्हणजे इतरांचे ड्रायव्हर ज्यावर उभे असतात तो पाया. हे वर आलं तर यूएसबीची उपकरणं एकेक काढून बघा. डीएक्सजीकेआरएनएल.सिस किंवा एनव्हीएलडीडीएमकेएम.सिस आलं तर ग्राफिक्स. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' केल्यानं पुष्कळदा भागतं, कारण अडचण चिप झोपेतून उठताना येते.

एसीपीआय.सिस हा खास लॅपटॉपचा आजार. विंडोज बॅटरीची खबर घेत राहतं आणि काही लॅपटॉप ते उत्तर द्यायला फार वेळ लावतात. खूण सोपी आहे: तडतड ठरावीक अंतरानं येते, तुम्ही वाजवा अथवा न वाजवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज'खाली एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी असते. चार्जर लावून ठेवा, ती डिसेबल करा, फरक ऐका. पण सराव संपला की आठवणीनं परत सुरू करा, कारण ती बंद असताना बॅटरी किती उरली ते दिसत नाही आणि संपत आल्याचा इशाराही येत नाही. बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) नवा अपडेट असेल तर कायमचा उपाय तोच ठरू शकतो.

वीज वाचवण्याची सेटिंग्ज

चार्जर लावा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर न्या. उत्पादकाचं स्वतःचं अ‍ॅप असेल आणि त्यात 'सायलेंट'सारखं काही निवडलेलं असेल तर तेही बदला, कारण विंडोजचं सेटिंग एकीकडे आणि ते अ‍ॅप दुसरीकडे असं चालतं. जुन्या कंट्रोल पॅनेलच्या प्रगत पॉवर सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसत असेल तर बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तीही काढा. इंटरफेस हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा.

रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातल्या) जादुई ओळी, 'गेम बूस्टर', पन्नास सर्व्हिसेस बंद करण्याच्या याद्या यांच्या वाटेला जाऊ नका. फायदा झाला की नाही ते कळत नाही, आणि पुढे काही बिघडलं तर कशामुळे तेही कळत नाही.

बरं झालेलं परत का येतं

सगळ्यात नेहमीचं कारण विंडोज अपडेट. तो साउंड चिपचा किंवा वाय-फायचा ड्रायव्हर बदलतो, आणि नव्या ड्रायव्हरबरोबर एन्हान्समेंट्स पुन्हा चालू होतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'ड्रायव्हर' पानावर तारीख बघा. ताजी असेल तर शेजारचं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. सगळं नीट चालू असताना अपडेटच्या 'ऑप्शनल' यादीतले ड्रायव्हर उगाच टाकू नका.

दुसरं, 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र तो नव्यानं सुरू होतो. म्हणून तडतड सुरू झाली की आधी रीस्टार्ट करून बघायचं. नेहमीच असं होत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणानं काय व्हावं त्या पानावर, फास्ट स्टार्टअप बंद करून टाका.

तिसरं कारण यूएसबी पोर्ट. काही उपकरणांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो. ती दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज त्यांना नवीन समजतं आणि सॅम्पल रेटपासून सगळं मूळपदावर नेतं. एक पोर्ट ठरवून घ्या. आणि बाजूच्या खोलीत राहिलेला ब्लूटूथ हेडसेट परस्पर जोडला जाऊन मुख्य उपकरण होऊन बसतो, हेही बघून घ्या.

यातलं काहीच नसेल, लेटन्सीमॉन स्वच्छ असेल, तर प्रोजेक्टमध्ये डोकवा. लिनियर फेज इक्वलायझर आणि पुढचं आधी वाचून काम करणारे लिमिटर अशी काही प्लगइन (प्रोग्रॅमला जोडायची आवाजाची साधनं) स्वतःचा उशीर घालतात, आणि बाकीचे ट्रॅक जुळवून घ्यायला प्रोग्रॅम त्यांनाही थांबवू शकतो. बफर ६४ असला तरी मग उपयोग नाही. मास्टर ट्रॅकवरची सगळी प्लगइन बंद करून वाजवून बघा. उशीर तिथेच गेला तर एकेक चालू करत दोषी शोधा, किंवा सरावासाठी रिकामी, फक्त अ‍ॅम्प सिम्युलेटर असलेली वेगळी फाइल करून ठेवा. मी हेच करतो. मिक्सची फाइल उघडून सराव करायचा मोह टाळलेला बरा.

एवढं करूनही लॅपटॉपच्या स्वतःच्या चिपवर पूर्ण फेरी २० च्या खाली येत नसेल आणि तुम्हाला गिटार लॅपटॉपमधूनच वाजवायची असेल, तर मात्र इंटरफेस घ्या. घेताना माइक प्रीअ‍ॅम्पच्या जाहिरातीपेक्षा दोन गोष्टी तपासा: उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, आणि तुमच्या विंडोजसाठी तो अलीकडे अपडेट झालाय का.